डिस्क अधूनमधून पूलमधून बाहेर पडते, स्मार्ट मात्र निर्दोष: दोष कोठे शोधावा?

पेटारा (प्रश्न)

जुन्या डेस्कटॉपच्या सुट्या भागांतून घरीच एक साठवण-सर्व्हर उभा केला आहे. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली असून, एकाच वेळी खरेदी केलेल्या ८ टीबीच्या सहा हार्डडिस्क झेडएफएसच्या (अनेक डिस्कचा मिळून एक ‘पूल’, म्हणजे एकत्रित साठा, करणारी फाइल-प्रणाली) रेडझेड-२ रचनेत आहेत व सहाही थेट मदरबोर्डच्या साटा (डिस्क जोडण्याच्या) पोर्टांना जोडलेल्या आहेत. कौटुंबिक छायाचित्रे, वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली कीर्तने आणि माझ्या कामाच्या फायली असा सगळा ऐवज त्यावर आहे.

अडचण अशी की, काही महिन्यांपासून मधूनच एखादी डिस्क ‘फॉल्टेड’ होते, म्हणजे सदोष ठरून पूलबाहेर पडते. बहुधा ती एकच असते, पण एकदा तिच्यापाठोपाठ शेजारचीही गेली. संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि पूलवरील त्रुटी क्लिअर केल्या की ती जणू काही घडलेच नाही अशा थाटात परत येते, थोडेसे रिसिल्व्हर होते (मधल्या काळात हुकलेला डेटा तिच्यावर पुन्हा भरला जातो) आणि मग बरेच दिवस सारे सुरळीत चालते. पूलची स्थिती दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटसमध्ये रीड व राइट हे दोन्ही आकडे वाढलेले दिसतात, चेकसमचा रकाना मात्र जवळजवळ कोराच असतो. स्मार्टमधील (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते ती यंत्रणा) ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या, खराब सेक्टर मोजणाऱ्या नोंदी शून्य आहेत आणि लांब चाचणीही निर्विघ्न पार पडली. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ (डिस्कशी जोडणी नव्याने सुरू करत आहे) असे काही वेळा येऊन शेवटी तीच डिस्क वेगळ्याच अक्षराने पुन्हा प्रकट झालेली दिसते. नोंदी पाहता बहुतेक घटना रविवारी पहाटे घडल्या आहेत. सर्व्हर यूपीएसवर असल्याने वीज जाण्याचा प्रश्न नाही. नवी डिस्क घेऊन टाकावी काय?

तारेवरची_कसरत

नवी डिस्क एवढ्यात घेऊ नये. डिस्कच्या चकत्या खराब होत असत्या तर ५ किंवा १९७ क्रमांकाच्या नोंदी हलल्या असत्या. त्या जागच्या जागी आहेत, याचा अर्थ डिस्कवर लिहिलेले शाबूत आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मध्येच तुटते आहे. ही वाट दोन प्रकारची असते, एक डेटाची आणि दुसरी विजेची. यांतील नेमकी कोणती तुटते, हे डिस्क स्वतःच लिहून ठेवते, फक्त लोक ते आकडे वाचत नाहीत.

स्मार्टमधील १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल तर डेटा केबल किंवा तिच्या टोकांकडे संशय जातो, कारण डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या प्रवासात बिघडलेल्या मजकुराची मोजदाद तेथे होते. याउलट १२ क्रमांकावर डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली हे नोंदलेले असते, आणि बहुतेक हार्डडिस्कमध्ये १९२ क्रमांकावर अचानक वीज गेल्यामुळे हेड किती वेळा घाईने मागे घ्यावे लागले याची गणती असते. सहाही डिस्क एकाच वेळच्या असल्याने त्यांचे हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एखाद्या डिस्कचे ते इतरांपेक्षा जास्त निघाले, तर संगणक चालू असतानाच तिची वीज जाऊन परत आलेली आहे, असे समजावे.

रविवारचे कोडेही फार गूढ नाही. डेबियनचे झेडएफएस पॅकेज दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री १२ वाजून २४ मिनिटांनी आपोआप स्क्रब, म्हणजे पूलमधला सगळा डेटा वाचून पडताळण्याचे काम, सुरू करते. एरवी निवांत असणाऱ्या सहाही डिस्क त्या रात्री तासन्‌तास एकाच वेळी राबतात आणि जोडणीतला कच्चा दुवा अशाच वेळी उघडा पडतो.

आधी बॅकअप पूर्ण करावा, कारण रेडझेड-२ दोन डिस्क गेलेल्या सोसते, तिसरी गेली की पूल थांबतो. मग संगणक पूर्ण बंद करून संशयित डिस्क आणि दूरच्या वीजजोडणीवरील एखादी चांगली डिस्क यांच्या केवळ वीजजोडण्यांची अदलाबदल करावी, डेटा केबलना हातही लावू नये, आणि स्क्रब हाताने सुरू करावे. दोष डिस्कबरोबर गेला की जागेवरच राहिला, एवढेच पाहायचे आहे. एका वेळी एकच बदल करावा, आणि डिस्कची ओळख अनुक्रमांकाने ठेवावी, कारण कर्नलने दिलेली अक्षरे बदलत राहतात, हे आपण पाहिलेच आहे.

खाडीकाठ

वरील सल्ल्यात एक पुस्ती जोडतो. मी रत्नागिरीजवळ राहतो आणि इथल्या खारट, दमट हवेत कनेक्टरच्या पिना लवकर मळतात. केबल काढून पुन्हा घट्ट बसवताना पिना एकमेकींवर घासून आपोआप साफ होतात, त्यामुळे कोणतीही अदलाबदल केली तरी दोष काही काळ नाहीसा होतो आणि आपण भलत्याच गोष्टीला श्रेय देऊन मोकळे होतो. म्हणून एका यशस्वी स्क्रबवर विसंबू नये.

याशिवाय डिस्कची त्रुटी-सुधारणेची मुदत ७ सेकंदांवर आहे ना, हे तपासून घ्यावे. काही डेस्कटॉप डिस्क एका सेक्टरशी बराच वेळ झटत बसतात, आणि लिनक्स साधारण ३० सेकंद वाट पाहून लिंक रिसेट करते. तुमचे १९७ शून्य असल्याने हे कारण असण्याची शक्यता मला कमीच वाटते.

पेटारा

दोघांचेही मनापासून आभार. १९९ ची नोंद सहाही डिस्कवर शून्य आहे. मात्र दोन डिस्कवर १२ आणि १९२ हे दोन्ही आकडे उरलेल्या चौघींपेक्षा स्पष्टपणे जास्त आहेत, आणि या दोघी एकाच स्प्लिटरवर आहेत: मोलेक्समधून (जुन्या पद्धतीच्या वीजजोडणीतून) चार साटा टोके काढणारा, टोके प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेला, बाजारात सहज मिळतो तो प्रकार. वीजजोडण्यांची अदलाबदल करून स्क्रब लावले, तेव्हा पहिल्याने काही झाले नाही, पण पुन्हा लावल्यावर त्या स्प्लिटरवर नव्याने आलेली डिस्क बाहेर पडली आणि पूर्वीची संशयित मात्र व्यवस्थित चालली. स्प्लिटर काढून भिंगाखाली पाहिला, तर एका टोकाच्या शेवटच्या तीन पिनांजवळचे प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित मऊ झाले आहे. त्याआधी मल्टिमीटरने मोजले होते तेव्हा तिथे १२ व्होल्ट बरोबर येत होते, याचे आश्चर्य वाटते.

आता दोन शंका आहेत. खणात दुसऱ्या एका एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) मॉड्युलर, म्हणजे दोन्हीकडून सुटी होणारी, साटा वीज-केबल पडून आहे, ती वापरावी काय? आणि पूर्वीची डिस्क विश्वासार्ह समजावी काय?

तारेवरची_कसरत

ती केबल कृपा करून लावू नये. डिस्ककडच्या टोकाची रचना सर्वत्र एकच असते, पण एसएमपीएसकडच्या टोकातील पिनांच्या क्रमाला कोणतेही समान मानक नाही, आणि काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असतो. टोक खाचेत बिनबोभाट बसते, ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट जातात आणि त्या केबलवरील सर्व डिस्क एका क्षणात निकामी होऊ शकतात. तुमच्या एसएमपीएसच्या स्वतःच्या साटा केबल वापराव्यात, आणि त्या अपुऱ्या पडल्या तर प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेला, उघडून पाहता येणारा स्प्लिटर घ्यावा. ओतीव टोकात आतल्या तारा एकमेकींच्या किती जवळ आल्या आहेत हे बाहेरून कळत नाही आणि असे स्प्लिटर पेटल्याचीही उदाहरणे आहेत.

त्या तीन पिना १२ व्होल्टच्याच आहेत. संपर्क ढिला झाला की रोध वाढतो, पिना तापतात, आणि ताण आल्यावर क्षणभर व्होल्टेज घसरते. ती क्षणिक घसरण मल्टिमीटरच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून तुमचे मोजमाप बरोबर असूनही निरुपयोगी ठरले. शेजारची डिस्क का गेली, याचेही उत्तर येथेच असावे: वीज जाऊन परत आलेली ३.५ इंची डिस्क चकत्या पुन्हा फिरवताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, आणि हा झटका त्याच कच्च्या जोडणीतून जात असल्याने दुसरीलाही फटका बसतो.

पूर्वीची डिस्क काढण्याचे कारण मला दिसत नाही. तापलेले टोक ज्या डिस्कवर होते तिच्या स्वतःच्या पिना काळवंडल्या आहेत का, हे मात्र पाहून घ्यावे, कारण काळवंडलेली पिन नवे टोकही तापवते. त्या स्वच्छ असतील तर त्रुटी क्लिअर करून एक स्क्रब पूर्ण होऊ द्यावे आणि आजचे १२ व १९२ चे आकडे अनुक्रमांकासह लिहून ठेवावेत. हे आकडे परत शून्यावर येत नाहीत, त्यामुळे पुढे तुलना करायची ती आजच्या नोंदीशी.

पेटारा

पिना स्वच्छ आहेत. एसएमपीएसच्या खोक्यात मूळची एक साटा केबल न वापरता तशीच पडलेली होती, ती लावून स्क्रब सुरू केले आहे. आकडे डिस्कच्या ट्रेवर चिकटवले आहेत, आणि पुढच्या दुसऱ्या रविवारनंतर ते पुन्हा पाहून येथेच कळवतो.