दातांची तपासणी : खुर्चीवर काय बघतात, किती दिवसांनी, आणि कुठे चुकतं (अनुभव धागा)

बकुळ (धागाकर्ती)

दात ठणकायला लागला तेव्हा कीड बहुतेकदा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. दाताच्या बाहेरच्या कवचाला, इनॅमलला, संवेदनाच नसते. कीड तिथे असेपर्यंत काही कळत नाही. आतल्या डेंटिनमध्ये शिरली की गार किंवा गोड लागल्यावर क्षणभर कळ येते. रात्री आपोआप सुरू होणारी, झोप मोडणारी ठणक म्हणजे नसेला सूज. पहिल्या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप पुरतो, दुसऱ्यावर फिलिंग लागतं, तिसऱ्यावर रूट कॅनल आणि वर कॅप. हिरड्यांचं याहून वाईट, कारण खालचं हाड झिजत असताना दात हलेपर्यंत अनेकांना काहीच दुखत नाही.

दवाखान्यात, शाळा-तपासणीत, औषधांच्या दुकानात, कवळ्यांच्या लॅबमध्ये ज्यांचा दातांशी रोजचा संबंध येतो त्यांनी इथे आपला कामातला अनुभव लिहावा. तपासणी महत्त्वाची आहे एवढं सगळ्यांनाच ठाऊक आहे. नेमकं काय बघतात आणि काय निसटतं ते हवं आहे.

सुरुवात अंतरापासून करते. "दर सहा महिन्यांनी" हे घरातल्या प्रत्येकाला सारखं लागू नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००४ मध्ये दिलेली चौकट मला सर्वांत शहाणी वाटते: मोठ्यांसाठी ३ ते २४ महिने, १८ वर्षांखाली ३ ते १२ महिने, ज्याची जशी जोखीम तसं. मधुमेह, तंबाखू, दातांना लावलेल्या तारा, हिरड्यांचा जुना आजार यांपैकी काही असेल तर तीन-चार महिने. काहीच नसेल तर मोठ्या माणसाला वर्षाने चालतं. तपासणी संपली की डॉक्टरांना विचारा, "पुढच्या वेळी कधी, आणि एवढ्याच दिवसांनी का?" उत्तर प्रत्येकाचं वेगळं आलं पाहिजे.

चिमणपाखरं

लहान मुलांच्या दातांचं काम करते, म्हणून तेवढंच लिहिते.

पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत. एवढ्या लहान मुलाला खुर्चीवर झोपवत नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळ आईकडे तोंड करून बसतं आणि मागे टेकून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर ठेवतं. बाळ रडलं तर तोंड उघडंच राहतं, काम दोन मिनिटांत होतं. घाबरून जायचं कारण नाही.

घरी महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, आणि या टप्प्यावर ती थांबवता येते. पिवळसर-तपकिरी झाली, खड्डा पडला, की वेळ गेली. कारण बहुतेक वेळा रात्रीची दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी होते आणि दूध वरच्या समोरच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे समोरचे दात जिभेमुळे वाचतात. म्हणून 'वरचे किडलेले, खालचे छान' असं तोंड दिसलं की बाटलीबद्दलच विचारायचं.

पेस्ट किती? तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लाट विसरा. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी स्वतःच्या हाताने करायचा. बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्या हाताला मागच्या दाढेपर्यंत ब्रश फिरवता येत नाही.

आता सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे पालकांना ती दुधाचीच वाटते आणि "पडणारच आहे" म्हणून दुर्लक्ष होतं. ती आयुष्यभराची पक्की दाढ आहे. तिच्यावरच्या खोल चिरांत ब्रशचे केस जात नाहीत. पूर्ण वर आली की त्या चिरा सीलंटने बुजवून घ्याव्यात: दाढ स्वच्छ करून कोरडी करतात, आम्लाचा जेल काही सेकंद लावून धुतात, पुन्हा कोरडी करून पातळ रेझिन भरतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. फसतं ते ओलाव्यामुळे. मध्येच लाळ लागली तर सीलंट काही महिन्यांत निघून जातं, म्हणून पुढच्या तपासणीत ते जागेवर आहे का हे बघायला सांगा. बाराव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या दुसऱ्या दाढेचंही असंच.

वैनगंगा

शाळा-अंगणवाडी तपासणीच्या बाजूने थोडं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमध्येच झाली. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासायचं असतं. यादीत दंतक्षय आहे. पण ही उघड्या डोळ्यांनी केलेली चाळणी आहे. दोन दाढांच्या मधली कीड त्यात दिसत नाही. दंतवैद्याकडे दाखवायची चिठ्ठी मिळाली नाही म्हणजे दात ठीक आहेत असं समजू नका, आणि मिळाली तर ती दप्तरात राहू देऊ नका. खासगी विनाअनुदानित शाळेतली मुलं या चाळणीतही येत नाहीत.

आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ आणि पलीकडे नांदेडच्या काही गावांत, पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यावर गेलं की पक्के दात चट्ट्यांचे येतात. चट्टे आणि कीड यांत फरक कसा करायचा? फ्लोरोसिसचे चट्टे डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतात आणि पूर्ण दातावर पसरलेले असतात. किडीची पांढरी रेघ हिरडीलगत, जिथे थर साचतो तिथेच असते. घासून चट्टे जात नाहीत. राख, विटेची पूड लावून इनॅमल तेवढं झिजतं. पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही, पाणी आटल्याने उलट वाढतं. आठ वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्या स्रोताचं पाणी देणं हाच खरा उपाय, कारण त्या वयात पक्क्या दातांचं इनॅमल घडत असतं.

सह्यकडा

हिरड्यांवर काम करतो. "स्केलिंगने (दातांवरचं कीटण खरवडून काढल्याने) दात सैल होतात" हे रोज ऐकतो, म्हणून नीट समजावतो.

दातांवरचा बुळबुळीत थर ब्रशने निघतो. काही दिवस तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी त्याचं कीटण होतं आणि मग ते ब्रशने निघत नाही. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत आधी जमतं, कारण जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच येते. कीटणाखाली हिरडी सुजते, हाड खाली सरकतं. दात त्या वेळीच सैल झालेला असतो, कीटणाच्या भिंतीने फक्त आधार दिल्यासारखं वाटतं. भिंत काढली की फट दिसते, हलणं जाणवतं, आणि दोष स्केलिंगवर येतो. काही दिवस गार पाणी झोंबतं, तेही उघड्या पडलेल्या मुळांमुळे.

तपासणीत खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दाताच्या मधल्या खाचेत अलगद घालून खोली मोजली पाहिजे. १ ते ३ मिमी म्हणजे ठीक. ४ किंवा जास्त असेल तर तिथे खिसा झाला आहे, ब्रश तिथवर पोचत नाही. हे आकडे कागदावर मागून घ्या. पुढच्या वर्षी तुलना त्यावरच होते. सळई न लावता नुसतं आरशाने बघून "हिरड्या छान" म्हणणं पुरेसं नाही, हे मी ठामपणे सांगेन.

मधुमेह असलेल्यांनी एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा) ताजा रिपोर्ट सोबत न्यावा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्ही बाजूंनी चालणारं आहे हे.

औषधांचं कपाट

काउंटरवरून दिसणाऱ्या गोष्टी. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन, फिट्सची फिनायटॉइन यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. स्वच्छता कमी असेल तर जास्त. बरीच औषधं तोंड कोरडं करतात आणि कोरड्या तोंडात कीड झपाट्याने वाढते. म्हणून तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. "बीपीची पांढरी गोळी" यावरून काही कळत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या आधी सांगायलाच हवं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणाच्या सल्ल्याविना आदल्या दिवशी बंद करू नका.

साखरेबद्दल: गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थरात आम्ल वाढतं आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास, कधी जास्त लागतो. म्हणून किती साखर यापेक्षा किती वेळा हे महत्त्वाचं. दिवसातून चारदा चहा-बिस्किट हे एकदा खाल्लेल्या श्रीखंडापेक्षा दातांना जड. खोकल्याची गोड सिरपं आणि होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्याही यातच मोजा, विशेषतः झोपताना दिलेल्या.

पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते वाचा. भारतात कमाल मर्यादा १००० आहे.

खाडीकाठ

दातांवर सगळे बोलतात, गालाच्या आतल्या त्वचेवर कोणी नाही. मोठ्यांच्या तपासणीत जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, गालांची आतली बाजू, टाळू आणि मानेतल्या गाठी बघितल्याच पाहिजेत. जीभ गॉजच्या तुकड्याने धरून बाहेर ओढून कडा बघतात. ते केलं नाही तर आठवण करा.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, तिखट अचानक झोंबायला लागणं, तोंड कमी उघडणं: यांपैकी एकही असेल तर थांबू नका, ती तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते. स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये बसतात का बघा. बसत नसतील तर तपासून घ्या. सुपारी खाणाऱ्यांत गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि त्यासाठी तंबाखू लागत नाही, नुसती सुपारी पुरते. "मी फक्त गोड सुपारी खातो" याला म्हणूनच अर्थ नाही. मशेरीचंही तेच. तंबाखू असलेली दंतमंजनं आणि पेस्ट १९९२ पासून देशात बंद आहेत, घरी भाजलेली मशेरी मात्र गावोगाव चालू आहे. तिने हिरडी बधिर होते, दुखणं लपतं.

खर्चाची अडचण असेल तर शासकीय दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबईतच महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळी. रांग असते, सकाळी लवकर जा.

बकुळ

एक्स-रेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही, त्यासाठी छोटा बाइटविंग काढतात. त्याचा किरणोत्सर्ग निसर्गातून एका दिवसात मिळतो साधारण तेवढा किंवा कमी असतो. तरीही दर भेटीला सवय म्हणून काढू नये. गरज का आहे ते विचारा आणि जुनी फिल्म जपून ठेवा.

हत्यारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो. मात्र त्यावरून पाकीट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) गेलं होतं एवढंच कळतं. १२१ अंशांवर पूर्ण १५ मिनिटं मिळाली का, यासाठी दवाखान्यात वेगळी चाचणी नियमित करावी लागते. ती करता का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

कवळीवाले काका

दात नाहीत म्हणून आजी-आजोबांना घरी ठेवून बाकी कुटुंब तपासणीला जातं. त्यांनाही न्या. हिरडीखालचं हाड दर वर्षी थोडं झिजतं, कवळी मात्र तशीच राहते. मग ती घासून व्रण होतो, वर लिहिलेल्या व्रणांशी तो मिसळून जातो. वर्षातून एकदा बसणं तपासून आतून नवा थर चढवता येतो, नवी कवळी लगेच लागत नाही. दुकानातली चिकट पावडर वाढवत जाणं हा उपाय नाही.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने ती वाकते. पेस्टऐवजी मऊ ब्रश आणि साधा साबण, पेस्टने ओरखडे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तरी तुटत नाही. तपासणीला जाताना कवळी डबीत नको, तोंडात घालून न्या, आणि व्रण असेल तर आदल्या दिवशी काही तास घालून ठेवा, म्हणजे कुठे टोचतं ते डॉक्टरांना दिसेल.