मदत हवी आहे: ब्रूस नेमका कोणत्या हक्काने राजा झाला?

रेवती_मु: दिवाळी अंकाचा लेख अडलाय आणि संपादकांना उद्या सकाळी द्यायचाय. इंग्लंडच्या एडवर्डने स्कॉटलंडच्या गादीचा निकाल जॉन बॅलिओलच्या बाजूने दिला. मग ब्रूस गादीवर कसा? 'शूर होता म्हणून' हे उत्तर नकोय. लवकर सांगा.

घाटवाट: कोणता ब्रूस? आजोबा, वडील, नातू तिघेही रॉबर्टच. एडवर्डही ओळीने तीन. साल लिहीत जा हो.

रेवती_मु: निकाल १२९२ चा, म्हणजे पहिलाच एडवर्ड. राजा झाला तो नातू, १३०६. आजोबांचा फेटाळलेला दावा नातवाच्या कामी कसा आला, एवढंच विचारतेय.

जुनाखोड: लेखात विल्यम वॉलेस हवाच! स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजांना हरवलं, ११ सप्टेंबर १२९७. खरा राजा तोच.

शंतनू७७: वॉलेस राजा नव्हता. तो राज्यरक्षक होता, तोही बॅलिओलच्या नावाने. ब्रूससाठी तो लढलेला नाही.

घाटवाट: मूळ भांडण असं. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर १२८६ मध्ये गेला, वारस असलेली नात मार्गारेट १२९० मध्ये नॉर्वेहून येताना ऑर्कनीत वारली. मग दावे राजघराण्यातल्या हंटिंग्डनच्या डेव्हिडच्या तीन मुलींकडून आले. बॅलिओल थोरलीचा नातू, ब्रूस आजोबा मधलीचा मुलगा. एक म्हणे थोरली शाखा, दुसरा म्हणे मी एक पिढी जवळचा. धाकटीचा नातू हेस्टिंग्ज तर राज्याच्या तीन वाटण्या मागत होता. १०४ जणांचं मंडळ बसलं: ४० बॅलिओलचे, ४० ब्रूसचे, २४ एडवर्डचे. आजोबांचा मुद्दा पोकळ नव्हता, मला तर तो आजही पटतो.

शंतनू७७: पटो न पटो, थोरल्या शाखेचा निकाल रीतसर होता. नातू राजा झाला तो तलवारीने. १० फेब्रुवारी १३०६ ला डमफ्रीजच्या चर्चमध्ये बॅलिओलच्या भाच्याला, प्रतिस्पर्धी जॉन कॉमिनला मारलं आणि २५ मार्चला स्कूनला राज्याभिषेक. हक्काची भाषा नंतर आली.

एडिनबरोकर: स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड पाहायचा असेल तर आता पर्थच्या संग्रहालयात जा. १९९६ मध्ये लंडनहून स्कॉटलंडला परत आला, आधी एडिनबरोच्या किल्ल्यात होता. पर्थला रेल्वेने जा.

रेवती_मु: मला सहलीला जायचं नाहीये! हक्काची भाषा नंतर आली म्हणजे कधी? कुणी मांडली?

घाटवाट: १३०९ मध्ये स्कॉटिश धर्मगुरूंनी. जनता आजोबांनाच खरा वारस मानत होती, बॅलिओल लादलेला होता, अशी मांडणी. १३२० च्या, पोपला लिहिलेल्या आरब्रोथच्या पत्रात दैवी कृपा, वारसाहक्क आणि प्रजेची संमती असे तिन्ही आधार एकत्र येतात. तुमचं उत्तर या दोन कागदांत आहे.

जुनाखोड: वॉलेसला १३०५ मध्ये लंडनला हालहाल करून मारलं, हे मात्र गाळू नका.

रेवती_मु: १३०९ मध्ये बॅलिओल जिवंत होता का?

शंतनू७७: होता, फ्रान्समध्ये. १३१४ मध्ये वारला. त्याचा मुलगा एडवर्ड बॅलिओल १३३२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या पाठबळावर आला आणि त्यानेही स्कूनलाच मुकुट घातला. त्यामुळे 'ब्रूसनंतर वाद मिटला' असं लिहू नका.