मदत हवी आहे: मांजरीच्या पेशी क्लोनिंगसाठी जपून ठेवाव्यात का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसला राहतो. आमची बुंदी, तीन रंगांची मांजर, आता १५ वर्षांची आहे. किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात, सलाइन मी घरीच लावते. व्हेट म्हणाल्या, फार तर महिनाभर.

लेक ११ वर्षांची. पाळण्यात होती तेव्हापासून बुंदी तिच्या पायाशी झोपते. मांजर क्लोन करता येते हे तिनेच शोधून काढलं आणि आता एकच धोशा लावलाय, "आई, कातडीचा तुकडा तरी काढून ठेवूया ना." नवऱ्याचाही कल तिकडेच. पेशी नुसत्या गोठवून ठेवायचा खर्च झेपेल. पुढे क्लोन करायचं तर ५० हजार डॉलर, म्हणजे कर्जच.

पण मला पैशांपेक्षा दुसरंच खातंय. जगातली पहिली क्लोन मांजर, सीसी, डिसेंबर २००१मध्ये इथेच टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मली. जिच्यापासून ती केली ती रेनबो बुंदीसारखीच तीनरंगी. सीसीच्या अंगावर मात्र नारिंगी कुठेच नाही. हा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, आणि क्लोनसाठी घेतलेल्या पेशीत नेमका नारिंगीचा बंद होता. आमच्या बुंदीचं नाव त्या नारिंगी ठिपक्यांवरूनच पडलंय! ठिपके नसलेलं पिल्लू घरी आलं तर लेकीला काय सांगू?

शिवाय त्या एका सीसीसाठी ८७ भ्रूण मांजरींच्या गर्भाशयात सोडले होते. पद्धत पुढे सुधारली, तरी बीजं द्यायला आणि पिल्लू पोटात वाढवायला दुसऱ्या मांजरी आजही लागतातच. त्यांचा विचार मनातून जात नाही.

आत्ता नमुना घ्यायचा तर या वयात, या किडन्यांवर भूल देण्याची मला भीती वाटते. गेल्यावरही घेता येतो, देह फ्रीजरमध्ये न ठेवता फ्रिजमध्ये ठेवायचा आणि काही दिवसांत नमुना काढायचा. म्हणजे ती गेल्या गेल्या, लेक रडत असताना, हे ठरवायचं? ते माझ्याने होणार नाही, म्हणून आत्ताच विचारतेय.

कुणी पेशी जपून ठेवल्या आहेत का? त्यामुळे घरातलं मूल सावरलं, की वाट पाहत बसलं? आणि कुणी ठाम नाही म्हटलं असेल, तर मुलांना कोणत्या शब्दांत सांगितलंत?