आईचे फोटो काढायचेत, पण ती "फोटोपुरती" उभी राहते!

गोधडी: मंडळी, जरा मदत हवीये. आई ७९ साली लग्न होऊन संगमेश्वरकडून लालबागला आली, ८२ चा संप लागला तेव्हा मी पोटात होते, बाबांची गिरणी नंतर काही सुरू झाली नाही, मग आम्ही डोंबिवलीला. गेल्या महिन्यात ट्रंकेत एक फोटो सापडला, मागे शाईने "कु. सुलोचना, सातवी". कोण गं ही? तर म्हणे मीच की! आम्ही आजवर सुनंदाच ऐकलेलं, लग्नात तांदळात नाव लिहून बदललं ना, आणि हे तिने कधी सांगितलंच नाही कारण कोणी विचारलंच नाही. तेव्हापासून डोक्यात आहे की गाव, चाळ, डोंबिवली असं तिचं सगळं फोटोंतून मांडायचं. पण कॅमेरा दिसला की ही कपाटातली साडी नेसून येते आणि भिंतीला टेकून ताठ उभी, पासपोर्टला काढतात तशी. गाऊनवर अजिबात काढू देत नाही. काय करू?

उजेडाची_खिडकी: मग साडीतलाच काढ की! गाऊनवरची आई तुला हवीये, तिला कुठे हवीये. त्या पिढीला फोटो म्हणजे स्टुडिओ, पावडर आणि मागे रंगवलेला पडदा. आणि तो सातवीचा फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नकोस, फाटतो (अनुभव आहे, आजीचा अर्धा गेला). खिडकीजवळ सपाट ठेव, फ्लॅश बंद, फोन अगदी समांतर धर. मागची शाईची बाजू दिसत असेल तर तीही काढून ठेव.

परदेशस्थ_मावशी: डायाना मार्कोसियन या फोटोग्राफरचं काम बघ. १९९६ मध्ये आई तिला आणि भावाला घेऊन मॉस्कोहून कॅलिफोर्नियात सांता बार्बराला गेली, वडिलांचा निरोपही न घेता, आणि नंतर अल्बममधले वडील कात्रीने कापून टाकले. पुढे मुलीने नट-नट्या घेऊन ते दिवस पुन्हा उभे केले, पटकथा लिहून घेतली ती 'सांता बार्बरा' मालिकेच्या एका लेखिकेकडून, जी मालिका तेव्हा रशियात घरोघरी बघायचे. मला आधी जरा नाटकी वाटलं खरं, पण आईवरचा राग धरून बसण्यापेक्षा तिच्या जागी उभं राहून बघायला तेच लागलं असणार.

नुसताच_वाचक: नेटवर टाकणार असशील तर आईला आधी विचार हां.

गोधडी: विचारलं, "नाव सुलोचना घालणार असशील तर टाक" म्हणाली 🙂 काल साडीतलाच काढला. मग फोन तिच्या हातात दिला, म्हटलं आता तू माझा काढ. चार फोटोंत नुसतं बोट आलं, पाचव्यात माझं डोकं कापलेलं पण मागची शिलाई मशीन चाकासकट पूर्ण. म्हटलं अगं मी कुठेय? तर म्हणे तू काय रोजच दिसतेस, मशीन यायला पायजे, तिच्यावर फॉल-बिडिंग करून तुमच्या फिया भरल्यात.