पगार दिला म्हणून शोधही विद्यापीठाचा?
(ऑनलाइन मंचावरची चर्चा. तळटीप, अर्जदार, वाचनालय, स्रोतसंहिता ही सदस्यांची टोपणनावं.)

तळटीप:
कालच्या चर्चेत एकाने ठणकावून लिहिलं, 'पगार घेता, प्रयोगशाळा वापरता, मग शोधावर हक्क कसला मागता?' वाचून गप्प राहवलं नाही. पगार दिला की शोध आपोआप मालकाचा, असं कायदा सगळीकडे म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ आपल्याच माजी प्राध्यापकाविरुद्ध, डॉ. ग्रे यांच्याविरुद्ध, शोधांच्या मालकीवरून अपिलात हरलं. संशोधन करणं हे त्यांचं काम होतं, शोध लावणं नव्हे, असं न्यायालयाने धरलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शोधकर्त्याकडेच मालकी राहते, तरी तिथून कंपन्या निघतात. भारताच्या पेटंट कायद्यात तर नोकराचा शोध मालकाचा असं सांगणारं कलमच नाही. जे येतं ते करारातून.

आणि पीएचडीचा विद्यार्थी? तो बऱ्याचदा नोकर नसतोच, तरी प्रवेशाच्या दिवशी शोधाचे हक्क विद्यापीठाला देणाऱ्या त्याच करारावर सही करतो. 'संसाधनांचा भरीव वापर' झाला तर शोध विद्यापीठाचा, हे कलम तर किती धोरणांत मोकळंच सोडलेलं असतं. ग्रंथालय, टेबल, ईमेल, साधा संगणक म्हणजे भरीव वापर नव्हे. उपकरणाचे राखून घेतलेले तास, तंत्रज्ञाचा वेळ, अनुदानातली रसायनं म्हणजे भरीव. दोन ओळींचं काम आहे. लिहीत नाहीत, कारण संदिग्धता मालकाच्या सोयीची.

अर्जदार:
पाच जणांचा शोध पाच जणांच्याच नावावर ठेवून बघा काय होतं. अमेरिकेत वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक इतरांना न विचारता परवाना देऊ शकतो. म्हणजे एकाच कंपनीला एकाधिकार देण्याची हमी कुणी देऊच शकत नाही. भारतात नेमकं उलट: कलम 50 प्रमाणे बाकीच्यांची संमती नसेल तर परवाना देता येत नाही. एक जण परदेशी गेला, पत्राला उत्तर देईना, की सगळं ठप्प. गुंतवणूकदार आधी मालकीची साखळी तपासतो. एक सही कमी असेल तर बोलणी तिथेच थांबतात.

स्टॅनफर्डचं काय झालं तेही बघा. संशोधकाने विद्यापीठाला 'हक्क हस्तांतरित करायला मान्यता देतो' असं लिहून दिलं होतं. मग पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याचं तंत्र) शिकायला तो सीटस कंपनीत गेला आणि तिथे 'याद्वारे हस्तांतरित करतो' यावर सही करून आला. पहिलं पुढचं वचन, दुसरं तत्काळ हस्तांतर. सीटसचा तो व्यवसाय रोश कंपनीकडे गेला आणि 2011 मध्ये स्टॅनफर्ड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरलं. म्हणून सही पहिल्या दिवशीच घ्यायची.

तळटीप:
त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की सरकारी पैशातून झालेल्या शोधांविषयीच्या बाय-डोल कायद्यामुळे मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, मुळात ती शोधकर्त्याची असते. हे तुम्ही गाळलंत.

सहमालकांचा मुद्दा नाइलाजाने मान्य. हक्क एका हातात असले की परवाना देणं सोपं जातं. पण मोबदल्याचं काय? धोरणात 'निव्वळ उत्पन्नाचा हिस्सा' असतो आणि निव्वळ म्हणजे काय वजा जाता, ते कुठेच नसतं. स्टॅनफर्ड आधी परवाने देणाऱ्या कार्यालयासाठी ठरावीक टक्के घेतं, मग थेट खर्च वजा करतं, उरलेल्याचे तीन भाग: शोधकर्ता, विभाग, विद्याशाखा. निदान लिहिलेलं तरी आहे. जर्मनीत 2002 मध्ये शोध स्वतःकडे ठेवण्याचा प्राध्यापकांचा खास हक्क गेला, पण बदल्यात उत्पन्नाचे 30 टक्के कायद्याने मिळाले, खर्च वजा न करता.

वाचनालय:
तुम्ही मालकीवर भांडताय, पण मालकी घेण्याजोगं काही उरतं का? पेटंटसाठी शोध आधी जाहीर झालेला चालत नाही, आणि ही नवीनता किती वेळा प्रबंध जमा करण्याच्या दिवशीच संपते! युरोपात प्रकाशनानंतर अर्ज करायला जवळजवळ सवलतच नाही. अमेरिकेत 12 महिने मिळतात. भारतात कलम 31 खाली 12 महिने आहेत, पण विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला किंवा त्या सभेच्या प्रकाशनाला. ग्रंथालयात ठेवलेल्या प्रबंधाचा त्यात उल्लेख नाही.

अर्जदार:
म्हणूनच प्रबंध दोन वर्षं बंद ठेवायला सांगतात. आणि कपाटातली एक प्रत कोण वाचतो?

वाचनालय:
असल्या सल्ल्यानेच नुकसान होतं! अमेरिकेत 1986 च्या हॉल प्रकरणात फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातला एकच प्रबंध पेटंटच्या आड आला. कुणी वाचला हे दाखवावं लागलं नाही, सूचीत होता एवढं पुरलं. 1989 च्या क्रोनिन प्रकरणात रीड कॉलेजचे प्रबंध आड आले नाहीत ते केवळ कार्डं लेखकाच्या नावाने लावली होती म्हणून, त्यातली काही बुटांच्या खोक्यात. विषयावरून शोधायची सोय नव्हती. आज ऑनलाइन भांडारात शब्द टाकला की प्रबंध समोर येतो.

आणि दोन वर्षं कोंडायचा कशाला? तोंडी परीक्षेआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखणारा तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. त्यात आकृत्या, मापं, तापमानाच्या मर्यादा, पर्यायी घटक, सगळं घाला. नुसता सारांश जोडलात तर आधीची तारीख सारांशापुरतीच मिळते. विद्यार्थ्याची पुढची नोकरी प्रबंधावर असते. विद्यापीठातल्या तुमच्या पेटंट कक्षाच्या आळसापायी ती अडवू नका.

अर्जदार:
आळस हा शब्द मागे घ्या. संशोधकाने आमच्याकडे भरून द्यायची शोधाची नोंद परिषदेच्या आदल्या संध्याकाळी हातात पडते. कुठलं अनुदान, साहित्य कुठल्या कराराने आलं, कुणी नेमकं काय सुचवलं, रकाने रिकामे. गाईडचं नाव मानापोटी घातलेलं. शोधकर्त्यांची नावं चुकली तर अमेरिकेत पेटंटच रद्द होऊ शकतं, हे त्यांना कोण सांगणार?

वाचनालय:
मागे घेत नाही. जर्मन कायदा बघा: प्राध्यापकाने साधारण 2 महिने आधी कळवायचं, मग तो प्रकाशनाला मोकळा. तुमच्या धोरणात संशोधकाला मुदती आहेत, कक्षाला एकही नाही.

स्रोतसंहिता:
सॉफ्टवेअरला हाच पेटंटचा साचा लावतात, तेही थांबवा. लेखाधिकार (कॉपीराइट) कोड लिहिताक्षणी तयार होतो. परवान्यासाठी समितीची बैठक होईपर्यंत त्यात बाहेरच्या इंटर्नचा कोड आणि जीपीएल या खुल्या परवान्याखालची लायब्ररी (तयार कोड) मिसळलेली असते. मग बंद परवान्यावर वितरण करता येत नाही. पहिल्याच दिवशी रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, परवान्याची फाइल आणि लिहिणाऱ्यांची यादी हवी.

तळटीप:
मुदतीवरच बोलूया. नोंद मिळाल्यापासून 120 दिवसांत अर्ज नाही, तर हक्क शोधकर्त्याला लेखी परत. हे मान्य आहे का?

अर्जदार:
प्रायोजकाचा करार आड येत नसेल, सगळे सहशोधकर्ते एकत्र सही करतील आणि विद्यापीठाला अध्यापन-संशोधनासाठी मोफत वापर राहील, तर मान्य. दिवस मात्र पूर्ण भरलेल्या नोंदीपासून मोजायचे.

तळटीप:
'पूर्ण' कोण ठरवणार? 10 दिवसांत त्रुटी लेखी कळवल्या नाहीत तर नोंद पूर्ण धरायची. ही ओळ घाला, मग पहिल्या दिवशीच्या सहीबद्दल बोलू.