कॅप्चात तुम्हाला काय काय दिसतं? नागपूरकरांनो, लिहा!

फॉर्म भरून होतो, शेवटचं बटण दाबायचं, आणि समोर वेडीवाकडी अक्षरं येऊन उभी राहतात: तुम्ही रोबो नाही ना, ते दाखवा. बहुतेक जण टाइप करतात आणि पुढे जातात. मला तिथे रेंगाळायला आवडतं. ओळखीपाळखीत विचारलं तर आपल्या गावात असे बरेच जण निघाले, म्हणून हा धागा. अक्षरांत, शब्दांत, चित्रांत तुम्ही एखादा खेळ शोधला असेल तर इथे लिहा, अगदी दोन ओळींचा असला तरी चालेल.

सुरुवात मी करते. दोन इंग्रजी शब्दांचा कॅप्चा यायचा ते दिवस आठवतात? मी त्या जोडीला नाव-आडनाव समजायची. 'मॉर्निंग कर्नल' आले, की ते सिव्हिल लाइन्समधले निवृत्त गृहस्थ, पहाटे काठी घेऊन जपानी गार्डनला जाणारे. 'ऑगस्ट टिंबर' आले त्यांची वखार अर्थातच लकडगंजात. दोघांच्या घरची माणसं, त्यांची भांडणं, सगळं मी मनात रचलं होतं. पुढे ते एकमेकांचे व्याहीही झाले.

आयटी पार्क, प्रोग्रॅमर

ताई, तुमचे कर्नल कुठून आले ते सांगतो. कॅप्चाची कल्पना २००३ साली निबंधातून मांडली ती कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. माणसाला सोपं आणि यंत्राला अवघड असं कोडं, एवढाच तेव्हा हेतू. नंतर फॉन आन यांना वाटलं, जगभरातली माणसं रोज यावर काही क्षण घालवतात, ते कामी का लावू नयेत? त्यातून २००७ साली रीकॅप्चा आलं. जुनी पुस्तकं आणि न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक स्कॅन होत होते. जो शब्द संगणकाला वाचता येत नसे, तो आपल्यापुढे यायचा. सोबत दुसरा शब्द उत्तर आधीच माहीत असलेला. तो बरोबर टाइप केलात म्हणजे तुम्ही माणूस, आणि मग पुसट शब्दाचं तुमचं उत्तरही विश्वासाचं. अनेकांचं उत्तर जुळलं की तो शब्द पक्का.

म्हणजे कर्नल एका पानावरचे आणि मॉर्निंग भलत्याच ठिकाणची. ती जोडी कुणी विचार करून लावलेली नव्हती. त्यात नातं पाहिलं ते तुम्ही. मला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. २००९ मध्ये गूगलनं हे विकत घेतलं, पुढे रस्त्यावरच्या घरांचे नंबर वाचायला दिले, आणि २०१८ मध्ये दोन शब्दांचा तो प्रकार बंदच झाला. अजून चुकल्यासारखं वाटतं.

अजनी, रेल्वेतून निवृत्त

आमची हयात स्टेशनांच्या कोडमध्ये गेली. त्यामुळे अक्षरं आली की मला रूळ दिसतात. एके म्हणजे अकोला, बीडी बडनेरा, डब्ल्यूआर वर्धा, एनजीपी आपलं नागपूर. गोंदियाला नुसता जी, एकच अक्षर. मागे एकदा कॅप्चात 'एकेबीडी' आणि त्यापुढे दोन आकडे आले. मी सौ.ला हाक मारली, "अगं, अकोला गेलं, बडनेरा गेलं, गाडी लाइनीवर आहे!" ती चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "वर्धा कुठंय?" चाळीस-एक वर्षांच्या संसारात तिलाही कोड पाठ झालेत.

माझा नियम असा: अक्षरं पूर्वेकडे जात असतील तर दिवस चांगला, भुसावळकडे उलटी निघाली तर सामान बांधून तयार राहायचं. इटारसीचा ईटी आला की गाडी उत्तरेला वळवायची. आपल्याकडे चारही दिशांच्या गाड्या येतात, त्यामुळे काहीही आलं तरी वाट निघते.

महाल, शिक्षिका

आमच्याकडे हा खेळ रोज रात्री जेवणानंतर होतो. बिल भरताना कॅप्चा आला की मी अक्षरं मोठ्यानं वाचते आणि लेकीनं प्रत्येक अक्षरावरून एक शब्द घेत वाक्य करायचं. अट एकच, वाक्य नागपुरी हवं. के, ए, बी, जे, के आले. ती भांडी पुसत होती, मान वर न करता म्हणाली, "काहून आला बे, जेवला का?" टी, पी, एस, ए, डी वर माझ्या भाच्यानं लगेच दिलं, "तर्री पोहे सांग, आलोच दादा." एक्स आणि क्यू आले की सगळे गप्प. क्यूसाठी आम्ही 'क' चालवून घेतो, एक्सला 'क्ष'. यावर घरात पुष्कळ वाद झाले, शेवटी आजींनी निकाल दिला आणि तो कायम आहे.

लेकीला शाळेत निबंधाला शब्द सुचत नसत. आता सुचतात. याचं श्रेय मी कॅप्चालाच देते.

सीताबर्डी, फॉर्म भरून देणारा

माझ्याकडे दिवसभर पोट्टे येतात, भरतीचे फॉर्म भरायले. एक जण स्क्रीनवर वाचते, मी टाइप करतो. नुसतं 'पी' म्हटलं तर 'बी' ऐकू येते, 'एम'चं 'एन' होते. म्हणून आम्ही आपल्या जिल्ह्याचे तालुके वापरतो. यू उमरेडचा, आर रामटेकचा, एच हिंगण्याचा, एस सावनेरचा, पी पारशिवनीचा, बी भिवापूरचा, एम मौद्याचा, एन नरखेडचा. भिवापूरचा पोट्टा असला न् कॅप्चात बी निघाला, तर तो एवढा खूश होते की फॉर्म मंजूरच झाला समजा.

के आला की मात्र मजा. काटोल, कामठी, कुही, कळमेश्वर, चारही के! प्रत्येक जण आपलाच सांगते. झेडसाठी तालुका नाही, तिथं आम्ही झीरो माइल लावतो. बाहेरगावचे पोट्टे एक-दोनदा फॉर्म भरून गेले की जिल्हा पाठ करून जातात.

लक्ष्मीनगर, तबल्याचा विद्यार्थी

मला दिसत नाही, त्यामुळे माझा अनुभव वेगळा आहे, पण तो इथे असायला हवा असं वाटलं. मी हेडफोनचं चिन्ह निवडतो. मागे खरखर, कुणीतरी बोलल्यासारखा गोंगाट, आणि त्यातून आकडे ऐकून टाइप करायचे. काही ठिकाणी आवाजाची सोयच नसते. मग शेजारच्या काकूंना बोलवावं लागतं, आणि स्वतःचा फॉर्म दुसऱ्याच्या हातून भरताना फार लागतं मनाला. साइट बनवणाऱ्यांनी ही सोय कराच, एवढं कळकळीनं सांगतो.

आता खेळ. आकडे सारख्या अंतरानं येत नाहीत. दोन जवळ, मग थोडा दम, मग तीन. एकदा ते थेट झपतालात पडले: दोन, तीन, दोन, तीन. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. मांडीवर ठेका धरला आणि गोंगाट बाजूलाच राहिला. तेव्हापासून मी आधी लय पकडतो, आकडे मागून येतात. ताल नेहमी जुळतो असं नाही, पण कान त्या खरखरीला घाबरत नाही.

मनीषनगर, दोन मुलांची आई

आमच्याकडे चित्रंवाला येतो. सिग्नल शोधा, बस शोधा, झेब्रा क्रॉसिंग शोधा. चित्रांतले रस्ते परदेशातले. फुटपाथवरचा तो आग विझवायचा लाल बुटका नळ माझ्या धाकट्यानं आपल्या गावात कधी पाहिलेला नाही, म्हणून त्यानं त्याला 'बुटके काका' नाव दिलंय. चौकोन निवडताना तो प्रत्येकाला "काका, या" म्हणतो. सिग्नलचा खांब अर्धाच दिसला तर तो चौकोन घ्यायचा की नाही, यावर दोन्ही भावंडांचं रोज जुंपतं. कुणाला पक्कं माहीत असेल तर सांगा.

महाल, शिक्षिका (पुन्हा)

परत आलेय, कारण आजच घडलं. आय, पी, जी, जे, एम आले. मी पुरतं वाचायच्या आत आजी आतून ओरडल्या, "ईडा पीडा घेऊन जा, मारबत!" मारबतीच्या मिरवणुकीतली आरोळी 'घेऊन जा गे मारबत' अशी, त्यातला मधला 'गे' राहिला म्हणून लेक हरकत घेतेय. इतवारीकरांनो, तुम्ही दरवर्षी मिरवणुकीत असता. हे चालवून घ्यायचं की नाही, तुम्हीच सांगा.