दत्तक कायद्याची वकिली सोलापुरात उभी राहू शकते का?

नवी सनद, सोलापूर

नमस्कार. अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण होऊन मी सध्या सोलापूर जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ दिवाणी वकिलांकडे उमेदवारी करीत आहे. विधी महाविद्यालयात असताना बालहक्कांच्या विषयाची गोडी लागली आणि पुढे दत्तकविषयक कायद्यातच काम करावे, असे मनाने घेतले. मात्र बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये झालेली दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून अमलात आली आणि दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. त्यामुळे या शाखेत वकिलाला आता काही उरलेले नाही, असे बाररूममधील बहुतेकांचे म्हणणे पडते. न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी कर, असा घरच्यांचा आग्रह आहे. त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पुन्हा लागू केल्यामुळे मला निदान तेवढा काळ वकिली करावीच लागेल. तो काळ मी याच विषयाला द्यावा का? जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम नेमके कोणत्या स्वरूपात मिळते आणि त्यावर पोट चालते का, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

दिवाणी बाजू

तुम्ही ऐकले ते अर्धेच खरे आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले ते काम मुळात वादाचे नव्हते. विशेष दत्तक संस्थेने अर्ज करायचा, कागद पूर्ण असायचे, न्यायाधीश बंद दालनात पालकांशी दोन शब्द बोलायचे आणि आदेश व्हायचा. ही कामे जिल्ह्यातील मोजक्याच वकिलांकडे असत आणि त्यावर कोणाचे कार्यालय चालले असेल, असे मला वाटत नाही.

दत्तकाच्या कायद्यातील खरी वकिली हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 भोवती फिरते आणि ती जशीच्या तशी शिल्लक आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 56 च्या पोटकलम 3 ने हिंदू कायद्याखालील दत्तक स्पष्टपणे बाहेर ठेवले आहे. तेथे जिल्हाधिकारी नाहीत, संगणकावरील प्रतीक्षायादीही नाही. दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवले की काम संपले, असे लोक समजतात, आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी वाद उभा राहतो तो नेमका त्या समजातून.

आपल्याकडचा नेहमीचा दावा कसा असतो ते सांगतो. माढा किंवा मोहोळ तालुक्यातील एखादा शेतकरी वारतो. त्याच्या मुली वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जातात, तेव्हा पुतण्या नोंदणीकृत दत्तकपत्र घेऊन हजर होतो आणि सातबाऱ्यावर आपले नाव लावण्याची मागणी करतो. फेरफाराला हरकत, मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी, मग वाटपाचा दिवाणी दावा आणि सोबत मनाई अर्ज, असा हा प्रवास असतो. हिंदू दत्तक अधिनियमाच्या कलम 16 प्रमाणे देणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्यांचे नोंदणीकृत दत्तकपत्र पुढे आले की दत्तक कायद्याप्रमाणे झाले, असे न्यायालय गृहीत धरते. मात्र ते गृहीतक खोडून काढता येते आणि वकिलाचा कस तेथेच लागतो. दत्तहोम, म्हणजे दत्तकविधीतील होम, झाला नाही तरी चालतो, पण मूल प्रत्यक्ष दिले-घेतले गेलेच पाहिजे. त्यामुळे साक्षीदाराला उलटतपासात विचारावे लागते की मुलाला कोणी उचलले, कोणाच्या मांडीवर बसवले, त्या वेळी जन्मदात्री आई कोठे उभी होती, घेणाऱ्याची पत्नी काय म्हणाली. घिसालाल विरुद्ध धापुबाई या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पत्नी समारंभाला नुसती हजर होती, एवढ्यावरून तिची संमती गृहीत धरता येत नाही. हा एक निकाल नीट पचवला तरी कित्येक दत्तकपत्रांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

त्यानंतर मी मुलाचा शाळेचा दाखला पाहतो. दत्तकपत्र 1998 चे आणि दहावीच्या दाखल्यावर 2005 मध्येही जन्मदात्या बापाचेच नाव असेल, तर दत्तक कागदावरच राहिले, असा युक्तिवाद उभा राहतो. शिधापत्रिका, मतदारयादी आणि लग्नपत्रिकासुद्धा बोलक्या असतात. वयाचा मुद्दा मात्र सावधपणे मांडावा. कलम 10 प्रमाणे दत्तक जाणारे मूल पंधरा वर्षांच्या आतील आणि अविवाहित हवे. तथापि, जुन्या मुंबई राज्याच्या भागात कोणत्याही वयाच्या व्यक्तीला दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही 1991 मध्ये कोंडिबा रामा प्रकरणात तिची दखल घेतली आहे. परप्रांतातील निकाल वाचून केवळ वयावर दावा लढवायला गेलेला वकील आपल्या जिल्ह्यात तोंडघशी पडतो.

आणखी एक काम, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. आई-वडील दोघेही गेले आणि आजीने नातवाला मुलीच्या ओटीत घातले, अशी दत्तकपत्रे आपल्याकडे सर्रास होतात. आजीला तो अधिकारच नाही. कलम 9 प्रमाणे मूल देण्याचा अधिकार आई-वडिलांचा असतो आणि ते हयात नसतील तर पालनकर्त्याला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हा परवानगीचा अर्ज आजही जिल्हा न्यायालयातच चालतो. करोनाच्या काळात आई-वडील गमावलेली मुले आता मोठी होत आहेत. त्यांच्या बाबतीत असा अर्ज वेळेवर झाला नसेल, तर उद्या त्यांच्या वारसाहक्कावर कोणीही बोट ठेवेल. ही बाब मला मनापासून लागते, म्हणून तिच्यावर इतके लिहिले.

पोट चालण्याविषयी सरळ सांगतो. सोलापुरात केवळ दत्तकावर कार्यालय चालणार नाही. वाटप, मृत्युपत्र, पालकत्व आणि वारस दाखला या दिवाणी कामांच्या जोडीनेच ते चालते.

बालसंरक्षणातील कार्यकर्ती

दिवाणी बाजू यांचे विवेचन मोलाचे आहे. तरीही संस्थेतील मुलांच्या दत्तकात वकिलाला काम नाही, असा जो सूर त्यातून निघतो, तो मला मान्य नाही. आदेश जिल्हाधिकारी देतात, पण तो आदेश टिकेल की नाही हे त्याच्या कितीतरी आधी, बाल न्याय अधिनियमाखालील बाल कल्याण समितीपुढे ठरत असते.

सोडून दिलेले मूल सापडले की त्याच्या पालकांचा शोध घ्यावा लागतो. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचे समितीने घोषित करणे अपेक्षित असते. आईने स्वतः मूल स्वाधीन केले असेल, तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. या टप्प्यावर कागद कच्चा राहिला, शोधाची जाहिरात नीट निघाली नाही किंवा आईची सही तिला न समजणाऱ्या भाषेतील मजकुराखाली घेतली गेली, तर दोन वर्षांनी कोणीतरी हक्क सांगायला येतो आणि तोवर रुळलेल्या मुलाचे आयुष्य ढवळून निघते. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड मातृभाषा असलेली कुटुंबे किती आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. स्वाधीनपत्र त्या आईला तिच्या भाषेत वाचून दाखवले गेले आणि तशी नोंद कागदावर झाली, एवढे पाहणारा वकील त्या खोलीत असणे ही माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोठी सेवा आहे.

यात पदे कोणती, हेही सांगते. मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या योजनेखाली प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिवीक्षा अधिकारी हे पद असते. ते कंत्राटी आहे आणि मानधन बेताचे आहे. पण प्रकरण मुळापासून कसे घडते हे तेथे जेवढे दिसते, तेवढे न्यायालयात दिसत नाही. पुढे सात वर्षांचा अनुभव झाल्यावर बाल कल्याण समितीच्या सदस्यत्वासाठीही अर्ज करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी पुण्याला, अपील करता येते. त्यापुढे उच्च न्यायालयात जायचे झाल्यास 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे फिरते खंडपीठ सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. पूर्वी मुंबई गाठावी लागे म्हणून जी प्रकरणे वाऱ्यावर सोडली जात, ती आता लढवता येतील. त्यासाठी या विषयाची बारकाईने माहिती असलेले वकील येथे हवेत.

नातेवाइकांतील आणि सावत्र पालकांच्या दत्तकाचे अर्जही वाढते आहेत. पुनर्विवाह झालेल्या आईच्या मुलाला नव्या पतीने दत्तक घ्यायचे असेल, तर जन्मदात्या वडिलांची संमती लागते, आणि मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात असेल तर तो मिटेपर्यंत थांबावे लागते. हे कोणीतरी त्या आईला शांतपणे समजावून सांगायला हवे.

आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, 1875 साली प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने अनाथ बालकाश्रम सुरू झाला. इतका जुना वारसा असलेल्या जिल्ह्यात या विषयाला वाहून घेतलेला वकील सहज सापडू नये, याची मला खंत वाटते.

एक पालक, पंढरपूर

मी वकील नाही. आमची मुलगी आम्हाला संस्थेमार्फत मिळाली, म्हणून पक्षकाराच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

नोंदणी करण्यापूर्वी आम्हाला एका परिचितांनी सांगितले होते की एका खासगी दवाखान्यात बाळ मिळेल, दत्तकपत्र करून घ्या, वर्षानुवर्षे थांबण्याची गरज नाही. आम्ही ज्या वकीलबाईंकडे गेलो, त्यांनी ते दत्तकपत्र करण्यास तेथल्या तेथे नकार दिला. पैसे देऊन मूल घेणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 81 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे आणि हिंदू दत्तक कायद्यानेही असा मोबदला निषिद्ध आहे, हे त्यांनी कलम उघडून दाखवले. मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी कशी करायची, गृह अभ्यास अहवालासाठी काय लागते, हेही त्यांनीच सांगितले. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज 85 च्या वर जाता कामा नये, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. आमच्या हाती फार वेळ नव्हता. त्या दिवशी कोणी चुकीच्या वाटेला लावले असते, तर ती मुदतही गेली असती.

देशभरात 2024-25 या वर्षात 4,515 मुले दत्तक गेली, असा प्राधिकरणाचा आकडा आहे. वाट पाहणारी कुटुंबे त्याहून कितीतरी अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पहिला सल्ला चुकीच्या माणसाकडून मिळतो. आदेशाला वकील लागत नसेल, पण त्याआधी दहा प्रश्न असतात आणि नंतर जन्मदाखला, आधार, पारपत्र यांचे दहा. त्या सल्ल्याचे शुल्क आम्ही आनंदाने दिले.

नवी सनद, सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. ज्येष्ठांकडे मनाई अर्ज आणि पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) यांतच दिवस जातो, मग या विषयाचा अभ्यास सुरू कोठून करावा? आणि आपण हे काम करतो, हे लोकांना कळणार कसे?

दिवाणी बाजू

कार्यकर्ती ताईंचा आक्षेप योग्य आहे. समितीपुढील कामाकडे आम्ही दिवाणी मंडळींनी कधी पुरेसे लक्ष दिले नाही.

अभ्यासाची सुरुवात निकाली दाव्यांपासून करा. ज्येष्ठांच्या परवानगीने दत्तकाचा मुद्दा असलेला एखादा जुना दावा काढा आणि वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे, सरतपास (साक्षीदाराची आपल्याच वकिलाने घेतलेली साक्ष), उलटतपास आणि निकाल या क्रमाने वाचा. ज्या उत्तरावर निकाल फिरला, ते उत्तर शोधून काढा आणि मग त्यामागचा प्रश्न कसा रचला होता ते पाहा. असे तीन-चार दावे वाचल्यावर स्वतः दत्तकपत्राचा मसुदा लिहा. देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्या, दोन्हीकडच्या पत्नींची संमती, प्रत्यक्ष दिल्या-घेतल्याचा दिवस व ठिकाण, आणि मुलगा दत्तक असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसल्याचे कथन, एवढे तरी त्यात यायलाच हवे. घेणारी व्यक्ती आणि दत्तक जाणारे मूल यांत लिंगभेद असेल तर 21 वर्षांचे अंतर तपासा. तालुक्याच्या ठिकाणी दस्तलेखक जुना नमुना जसाच्या तसा उतरवतात आणि यातील निम्म्या गोष्टी गळतात.

जाहिरातीचा विचार मनात आणू नका. अमुक शाखेतील तज्ज्ञ, असे पाटीवर लिहिण्यासही बार कौन्सिलच्या नियम 36 ने मनाई आहे. त्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत नाव द्या. महिला आणि बालकांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, त्यामुळे पालकत्वाचे आणि परवानगीचे अर्ज तेथून तुमच्याकडे येतील. कायदेविषयक शिबिरासाठी गावोगावी जाल, तेव्हा आजीने केलेल्या दत्तकपत्राचा विषय आवर्जून काढा. शिबिर संपल्यावर पिशवीतून कागद काढून दाखवणारे कोणी ना कोणी भेटतेच.